बल्ब बदलला, फोकस पाहिला का?

रात्री दोनपदरी रस्त्यावर समोरून एकच दिवा येताना दिसला की आपण मनातल्या मनात 'मोटारसायकल' म्हणतो आणि तेवढ्याच बेतानं गाडी डावीकडे घेतो. तो दिवा मोटारीचा डावा असेल आणि तिचा उजवा गेलेला असेल, तर हा बेत अंगाशी येतो. दिसणारा दिवा रस्त्याच्या पलीकडच्या कडेला असतो आणि न दिसणारी अर्धी गाडी नेमकी आपल्या बाजूला. ऊसतोडीच्या हंगामात सांगली-कोल्हापूरकडे रात्री गाडी चालवणाऱ्यांना अंधारातून अचानक उगवणाऱ्या गोष्टींची सवय असते. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशी भरलेली ट्रॉली पुढ्यात आली की आपण ट्रॅक्टरवाल्याचा उद्धार करतो. मात्र आपणही महिना महिना एका डोळ्यानं फिरत असतो आणि वॉचमनने सांगेपर्यंत आपल्याला त्याचा पत्ता नसतो. शहरात रस्त्यावरचे दिवेच इतके असतात की आपला एक कमी झालेला कळत नाही.

हा गेलेला डोळा म्हणजे बहुतेक वेळा शंभर-दोनशे रुपयांचा एक बल्ब. तो घरी बदलावा की गॅरेजला गाडी न्यावी, याबद्दल दोन पक्ष आहेत. 'त्यात काय, पाच मिनिटांचं काम' म्हणणारे एक आणि 'आताच्या गाड्यांना हात लावायची सोय राहिली नाही' म्हणणारे दुसरे. दोघेही आपापल्या गाडीबद्दल खरंच बोलत असतात. माझं मत असं, की गाडीला हॅलोजन बल्ब असेल तर तो घरीच बदलावा. पण बल्ब पेटला म्हणजे काम झालं असं समजू नये. उजेड समोर कुठे पडतो ते भिंतीवर पाहिल्यावर काम होतं. आपल्याकडे पहिला भाग कसाबसा होतो, दुसरा होतच नाही, अगदी गॅरेजातही.

आधी निदान. एका बाजूचाच दिवा गेला असेल तर बल्ब उडाला असं धरायला हरकत नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी गेल्या असतील तर दोन बल्ब एका क्षणी उडण्याचा योग विरळा. तिथे फ्यूज, रिले किंवा स्विच तपासावा. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज असतो, म्हणून एकाच बाजूच्या बाबतीतही फ्यूजकडे एक नजर टाकायला पैसे पडत नाहीत. दिवा पेटतो पण मिणमिणतो, तेव्हा दोष बल्बचा नसून बहुधा अर्थिंगचा किंवा गंजलेल्या कपलरचा असतो. आणि पावसाळ्यात अचानक काहीच चालेनासं झालं तर बोनेटमध्ये उंदीर येऊन गेला का ते पाहावं. इंजिनाच्या उबेला बसून वायरी कुरतडणं हा त्याचा जुना धंदा आहे.

अप्पर लागतो पण डिपर लागत नाही, हा प्रकार वेगळा आणि मला सगळ्यात घातक वाटतो. एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात. रोजच्या वापरात डिपरची तार जास्त जळते, म्हणून तीच आधी तुटते. मग माणूस सोय म्हणून अप्परवर गाडी हाकत राहतो. समोरून डोळे दिपवत येणाऱ्याला आपण शिव्या घालतो, त्यातल्या काहींच्या गाडीला डिपरच उरलेला नसतो.

दोन तारांचा हा बल्ब म्हणजे एच४, दुकानदाराच्या भाषेत 'साठ-पंचावन्न'. अप्परला ६० वॅट, डिपरला ५५. एका बल्बमध्ये दोन तारा घालण्याची कल्पना त्याहून बरीच जुनी. 'बायलक्स' नावाचा तसा बल्ब १९२४ मध्ये आला. हॅलोजन वायूचा पहिला मोटारबल्ब, एच१, युरोपात १९६२ मध्ये निघाला, त्याला तार एकच होती. १९७१ मध्ये एच४ नं दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. आपल्याकडच्या मारुती ८०० पासून अल्टो, वॅगन-आरपर्यंत कितीतरी छोट्या गाड्या याच बल्बवर पळाल्या, म्हणून खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडेही तो मिळतो. मग १९९० च्या दशकात एक तार, ५५ वॅटचा एच७ आला. त्याला डिपरसाठी एक आणि अप्परसाठी दुसरा असे वेगळे बल्ब लागतात. शिवाय एच११, एचबी३, एचबी४ ही मंडळी आहेतच. दुचाकीला एच४ चा धाकटा भाऊ एचएस१ असतो, ३५-३५ वॅटचा. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, त्यामुळे तो बल्ब दिवसाही जळत असतो हे दुचाकीवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

दुकानात गाडीचं नाव सांगून बल्ब मागू नये. त्याच गाडीच्या दोन मॉडेलांत बल्ब वेगळा असू शकतो. जुना बल्ब काढून त्याच्या बुडाशी कोरलेला नंबर वाचावा किंवा गाडीचं पुस्तक उघडावं. नव्या बल्बवर वर्तुळात 'ई' हे अक्षर आणि शेजारी आकडा दिसतो का तेही पाहावं. ही युरोपीय नियमांखाली मिळालेल्या मान्यतेची खूण. १ म्हणजे जर्मनीनं दिलेली, ४ म्हणजे नेदरलँड्सनं. अशा बल्बमध्ये तार नेमून दिलेल्या जागी असते, मिलिमीटरच्या अंशांइतकी काटेकोर. पुढचा सगळा विषय या एका गोष्टीवर उभा आहे.

एच४ ची डिपरची तार नीट पाहिली तर तिच्या खाली पत्र्याची एक इवलीशी वाटी दिसते. ही वाटी तारेचा खाली जाणारा उजेड अडवते. त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तो तिथून खाली, रस्त्याकडे वळतो. समोरच्याच्या डोळ्यात उजेड जात नाही तो या वाटीमुळे. अप्परच्या तारेखाली वाटी नाही, म्हणून तिचा उजेड सरळ लांब जातो. आता कल्पना करा, बल्ब तिरका बसला. वाटीही तिरकी. उलटा बसवला, आणि जोर लावून तसा बसवणारे आहेत, तर अडवायचा तो उजेड सुटतो आणि झाडांच्या शेंड्यांवर जातो. दिवा मात्र छान पेटलेला दिसतो. मालक खूश.

आता हात लावू नये त्या काचेविषयी. साध्या बल्बमध्ये तापलेल्या टंगस्टनच्या तारेची हळूहळू वाफ होते आणि ती काचेवर काळी बसते. हॅलोजन बल्बमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीन या उडालेल्या टंगस्टनशी संयोग करून त्याला पुन्हा तारेजवळ आणून सोडतं. हे चक्र चालायला काच अडीचशे अंश सेल्सियसच्या वर तापलेली लागते, म्हणून ती लहान असते, तारेच्या जवळ असते आणि साध्या काचेऐवजी क्वार्ट्झची असते. बोटाचा तेलकट डाग अशा काचेवर राहिला की तापल्यावर तिथे क्वार्ट्झची घडण बिघडते, पांढुरका ठिपका येतो, तो भाग नको इतका तापतो आणि बल्ब अवेळी जातो. म्हणून धातूच्या बुडाला धरावं किंवा स्वच्छ सुती फडका घ्यावा. चुकून बोट लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, वाळवून मग बसवावं. यात अंधश्रद्धा काही नाही. मात्र 'हात लागला की फुटतोच' हीसुद्धा अतिशयोक्ती आहे; मेकॅनिकच्या काळ्या हातांनी बसवलेले बल्बही काही महिने चालतात, फक्त वर्षं चालत नाहीत.

प्रत्यक्ष काम असं. इंजिन बंद, चावी काढून खिशात. चावी चालू राहिली तर रेडिएटरचा पंखा कधीही फिरू शकतो आणि आपला हात तिथेच असतो. दिवा नुकता पेटलेला असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबावं. अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून ठेवावं, कारण बॅटरी जवळ असते. बल्बमधला वायू दाबाखाली असतो, म्हणून डोळ्याला चष्मा असलेला बरा. बोनेट उघडून दिव्याच्या पाठीमागे तीन पात्यांचा कपलर दिसतो. तो वायरला धरून ओढायचा नाही, कपलरला धरून थोडा डावी-उजवीकडे हलवत काढायचा. मग रबरी टोपी सोलून काढायची. आत तारेची एक क्लिप असते. ती आत दाबून बाजूला सरकवली की मोकळी होते, आणि पहिल्यांदा करणाऱ्याचा सगळा वेळ इथेच जातो. कारण क्लिप दिसत नाही, नुसती बोटांना कळते. मोबाइलनं आतला फोटो आधीच काढून ठेवावा. परत बसवताना तो फोटो उपयोगी पडतो. मग जुना बल्ब सरळ मागे येतो.

नवा बल्ब आत घालताना त्याच्या बुडाच्या चकतीला तीन कान असतात. त्यातला रुंद कान वर. होल्डरमध्ये तशाच तीन खाचा आहेत. कान खाचेत बसले की बल्ब हलत नाही, फिरत नाही. क्लिप लावताना जोर लावावा लागला तर समजावं बल्ब नीट बसलेला नाही. काढून पुन्हा घालावा. रबरी टोपीवर 'टॉप' असं लिहिलेलं असतं, ते वर ठेवून तिची कड सगळीकडून गच्च दाबायची. इथेच सगळ्यात जास्त हयगय होते. टोपी अर्धवट राहिली की पहिल्याच पावसात दिव्यात पाणी शिरतं, रिफ्लेक्टरचा मुलामा उडतो, आणि तो उडाला की कुठलाही बल्ब त्यावर उपाय नाही, अख्खा दिवा बदलावा लागतो. सकाळी काचेच्या आत थोडं धुकं दिसून दिवा लागल्यावर ते गेलं, तर घाबरायचं कारण नाही. पाण्याचे थेंब ओघळायला लागले, तर आहे.

एक बाजू गेली की दुसऱ्या बाजूचाही बल्ब बदलावा, असं कंपन्या सांगतात तेव्हा त्यात विक्रीचा वास येतो, पण म्हणणं खरं आहे. दोन्ही एकाच दिवशी बसवलेले, सारखेच तास जळलेले. शिल्लक राहिलेला चांगला जुना बल्ब डिकीत टाकावा, अडीनडीला तोच देव.

एच७ ला बहुधा एखादी क्लिप किंवा फिरवायची चकती असते. एच११ आणि एचबी मालिकेतले बल्ब घड्याळाच्या उलट पाव वळसा फिरवून निघतात आणि त्यांच्या गळ्याला रबरी कडं असतं, ते जागेवर आहे ना पाहायचं. हे सगळं सोपं. अवघड आहे ते तिथवर हात पोचणं. काही गाड्यांत बॅटरी बाहेर काढावी लागते, काहींत एअर फिल्टरचा डबा, काहींत पुढच्या चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर सोडवून खालून हात घालावा लागतो आणि काहींत बंपर उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांतला ४८ वा नियम, जो युरोपात लागू आहे, तो म्हणतो की गाडीबरोबर दिलेल्या साधनांपलीकडे खास हत्यार न लागता बल्ब बदलता आला पाहिजे. नियम चांगला आहे. पण 'बदलता येणं' आणि 'माणसाच्या हातानं, मनगट न सोलता बदलता येणं' यांत फरक आहे, आणि गाडीचं तोंड आखणाऱ्यानं हे काम कधी स्वतः करून पाहिलेलं नसतं असा माझा दाट संशय आहे. गाडी घेताना मायलेज विचारतो, तसं बोनेट उघडून दिव्याच्या मागे हात घालून पाहायला काय हरकत आहे?

झेनॉन दिव्याला मात्र घरी हात लावू नये. त्यात तार नसते, दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी पेटवावी लागते आणि ती पेटवायला वीस हजार व्होल्टच्या वर दाब लागतो. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ मालिकेत हे दिवे पहिल्यांदा आले. आपल्याकडे ते महागड्या गाड्यांत दिसले आणि एलईडी आल्यावर मागे पडले. ते जाणकारांवर सोपवावेत.

आता वादाचा विषय: मुळात आहे त्यापेक्षा जास्त उजेड हवा, तर काय करायचं?

माझ्या पहिल्या गाडीचा बल्ब साताऱ्याच्या अलीकडे रात्री दहाला उडाला. हायवेवरच्या एका दुकानात 'साहेब, शंभर-नव्वद टाकतो, दिवस उजाडेल' असं म्हणत दुकानदारानं दोन्ही बल्ब बदलले. दिवस उजाडलाही. पाचेक महिन्यांनी जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागला, आणि पाहिलं तर कपलर वितळून बल्बच्या पात्यांना चिकटला होता. नंतर ऑटो इलेक्ट्रिशियननं कपलर कापून काढला तेव्हा हिशेब समजावून दिला. ५५ वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या जरा वर वीज खेचतो, ९० वॅटचा साडेसात. वायर आणि जोडांमध्ये निर्माण होणारी उष्णता विजेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे अडीच पटींहून जास्त. कंपनीची वायर ५५ च्या हिशेबानं घातलेली. रिले घालून जाड वायर टाकली तर वायर वाचते, पण प्लास्टिकचा होल्डर आणि रिफ्लेक्टर त्या उष्णतेसाठी बनलेले नसतात, आणि समोरच्याच्या डोळ्यांचं काय हा प्रश्न उरतोच. कायद्याच्या दृष्टीनंही हे बसत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदलाला मज्जाव करतं, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिवा दिपवता कामा नये. हे मोजायला कोणी टेप घेऊन उभं नसतं, म्हणून शंभर-नव्वद उघड विकला जातो.

गंमत अशी की उजेड वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग बल्बमध्ये नसून वायरीत आहे. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजबरोबर सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याच्या साधारण साडेतीनाव्या घाताच्या जवळपास वाढतो. इंजिन चालू असताना साडेतेरा व्होल्ट असतील आणि जुन्या गंजलेल्या जोडांत एक व्होल्ट हरवला, तर उजेड पाव हिश्शाच्या आसपास घटतो. अर्थिंगचा नट सोडून, खरवडून, घट्ट बसवला तर तो परत मिळतो. उलट बाजूनं व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढलं तर बल्बचं आयुष्य जवळजवळ अर्ध्यावर येतं. एकाच गाडीचे बल्ब दर दोन-तीन महिन्यांनी उडत असतील तर बल्बच्या कंपनीला दोष देण्याआधी आल्टरनेटर तपासावा.

त्याच ६०-५५ वॅटमध्ये 'शंभर टक्के जास्त उजेड', 'एकशेतीस टक्के जास्त' अशा जाहिरातीचे बल्ब मिळतात. ते कायदेशीर असू शकतात आणि फरकही पडतो, पण ती टक्केवारी रस्त्यावरच्या एका ठरावीक जागेची आणि किमान मर्यादेच्या तुलनेत असते. सगळ्या रस्त्यावर दुप्पट उजेड पडत नाही. शिवाय तार जास्त तापवून हा उजेड काढलेला असतो, त्यामुळे तो बल्ब लवकर जातो. घाटातून नेहमी रात्री जाणाऱ्यानं घ्यावा, ऑफिसला जाऊन येणाऱ्यानं कशाला?

एलईडी बल्ब हा आजचा मोह. ऑनलाइन मागवा, एच४ च्या जागी तसाच घाला, पांढराशुभ्र उजेड. यात एलईडीचा काही दोष नाही, जागेचा आहे. रिफ्लेक्टर बनवला तो एका बारीक तारेसाठी, जी चारी बाजूंनी उजेड फेकते. एलईडी बल्बमध्ये एका पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात. पट्टीला जाडी असते, चिपची जागा तारेच्या जागेशी तंतोतंत जुळत नाही, आणि वरच्या-खालच्या दिशेला उजेड कमी पडतो. परिणामी गाडीच्या नाकासमोर झगझगीत उजेड होतो आणि डोळ्यांना वाटतं, काय दिसतंय! लांबचं मात्र कमी दिसतं, कारण जवळच्या झगमगाटानं बुबुळ आक्रसतं. शिवाय मागचा पंखा आणि हीटसिंक रबरी टोपीत मावत नाही, म्हणून टोपीला भोक पाडतात, आणि पावसाळा त्या भोकातून आत येतो. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना रस्त्यावर वापरायची मान्यता मिळाली, पण ती सरसकट नाही. कोणता बल्ब कोणत्या गाडीच्या कोणत्या दिव्यात, याची यादी करून. नेमक्या जागेचा मुद्दा तिथेही सुटलेला नाही, फक्त एकेका गाडीसाठी तपासला गेला आहे.

रंगाबद्दल आमच्याकडे ठाम मतं असतात. पिवळा उजेड धुक्यात आरपार जातो, असं घाटातले ड्रायव्हर सांगतात. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत पिवळ्या हेडलाईटची सक्तीच होती. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींच्या मानानं इतके मोठे असतात की रंगामुळे आरपार जाण्यात फारसा फरक पडत नाही. मात्र ६००० केल्व्हिनचा निळसर पांढरा उजेड धुक्यातून परत डोळ्यात आला की हॅलोजनच्या ३२०० केल्व्हिनच्या उबदार उजेडापेक्षा जास्त खुपतो, हे आंबोलीत किंवा खंडाळ्यात जुलैत गाडी चालवणारा कोणीही सांगेल. आणि ओल्या डांबरावर कितीही उजेड टाका, रस्ता तो आरशासारखा पुढे फेकून देतो, आपल्याकडे परत पाठवत नाही. पावसात दिसत नाही तो बल्बचा दोष बहुधा नसतो.

तर फोकस. हा शब्द आपल्या गॅरेजांत दिव्याचा कोन या अर्थानं वापरतात आणि तो छान आहे. डिपरचा उजेड वरून रेघ मारल्यासारखा कापलेला असतो, डाव्या बाजूला ती रेघ थोडी वर चढते, कारण आपण डावीकडून चालतो आणि कडेचा माणूस, पाटी, म्हैस दिसायला हवी. ही रेघ साधारण एक टक्का खाली झुकलेली असावी. म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटीमीटर, पाच मीटरवर पाच. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकात किंवा दिव्याजवळच्या पट्टीवर दिलेला असतो. दिवा जमिनीपासून ६५ सेंटीमीटर उंच असेल तर एक टक्क्यानं झुकलेला उजेड ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. भान यायला दीड सेकंद धरला आणि ब्रेक उत्तम धरले तरी थांबायला सुमारे ६८ मीटर लागतात. म्हणजे डिपरवर ऐंशी हीच जवळपास हद्द. शंभरला ९५ च्या वर मीटर लागतात, आणि तिथवर डिपर पोचतच नाही. दुसऱ्या टोकाला, दिवा फक्त एक अंश वर उचलला गेला तर पन्नास मीटरवर उजेड जवळजवळ नव्वद सेंटीमीटर वर सरकतो, म्हणजे थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यात. बल्ब होल्डरमध्ये किंचित तिरका राहिला की हे घडू शकतं.

पूर्वी मोटारींच्या आणि ट्रकच्या हेडलाईटच्या काचेवर वरच्या बाजूला काळा रंग फासत. समोरच्याला दिपवू नये हा हेतू, आणि त्यात आपल्याच रस्त्यावरचा उजेडही जायचा. फोकस नीट असेल तर असल्या काळ्या टिक्क्याची गरज पडत नाही.

घरी तपासायचं ते असं. सपाट जागा, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस. गाडी भिंतीला चिकटवून दोन्ही दिव्यांच्या मध्याची उंची खडूनं मारून घ्यावी, मग सरळ पाच मीटर मागे यावं आणि डिपर लावावा. रेघ खडूच्या खुणेपेक्षा पाचेक सेंटीमीटर खाली, दोन्ही बाजूंना सारखी दिसली पाहिजे. बल्ब बदलण्याआधी एकदा पाहून भिंतीवर खूण करून ठेवली तर नंतर तुलना करायला बरं. दोन बाजूंत फरक आला तर आधी बल्ब काढून पुन्हा नीट बसवावा. दिव्यामागच्या स्क्रूला शेवटी हात लावावा. पुष्कळदा स्क्रूचा दोष नसतो, क्लिपचा असतो.

स्टिअरिंगजवळ शून्य, एक, दोन, तीन आकड्यांचं एक छोटं चाक असतं. गाडी घेऊन आठ-दहा वर्षं झालेल्या लोकांना मी विचारलं आहे, ते कशासाठी? 'उजेड कमी-जास्त' असं उत्तर येतं. ते उजेड खाली आणण्यासाठी आहे. मागे तिघं बसले, डिकी भरली की गाडीचं नाक वर होतं आणि डिपरही वर जातो. तेव्हा चाक दोन-तीनवर न्यायचं. एकटे असताना शून्यावर. गौरी-गणपतीला टम्म भरलेल्या गाड्यांची रांग मुंबई-गोवा महामार्गानं रात्रभर कोकणात उतरते, तेव्हा निम्म्या गाड्यांचे डिपर समोरच्याला अप्परसारखे लागतात ते याच चाकाच्या अज्ञानापायी.

एक शेवटचा अडथळा काचेचा. आता दिव्याची 'काच' पॉलिकार्बोनेटची असते आणि उन्हानं पिवळी, धुरकट होते. नवा बल्ब घालूनही उजेड पडत नाही तेव्हा कारण तेच. टूथपेस्टनं चोळून ती आठ-दहा दिवस चमकते. बारीक पाणपेपरनं घासून, बफिंग करून वर अतिनील किरण अडवणारं लॅकर मारलं तर दीड-दोन वर्षं टिकते. लॅकर न मारता नुसतं बफिंग करणारा आपले पैसे पाण्यात घालतो, कारण कंपनीचा संरक्षक थर त्यानं घासून काढलेला असतो.

हा सगळा आढावा एका मावळत्या विद्येचा आहे. २००७-०८ मध्ये लेक्सस आणि ऑडीच्या महागड्या गाड्यांत एलईडी हेडलाईट आले आणि आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही येतात. ते चांगले आहेत. वीज कमी खातात, आणि मुळात एलईडीसाठीच आखलेले असल्यानं उजेड नेमक्या जागी टाकतात. बऱ्याचदा ते गाडीइतके टिकतात. पण बिघडले तर त्यात बदलायला बल्बच नसतो, अख्खा दिवा घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत हजारांत, कधी कधी कित्येक दहा हजारांत जाते. नवी गाडी घेताना हेडलाईट युनिटची किंमत शोरूममध्ये विचारून ठेवा. उत्तर देताना समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

तोवर रस्त्यावर हॅलोजनच्या लाखो गाड्या आहेत आणि त्यांचं काम एका संध्याकाळचं आहे. नंबर पाहून साधा साठ-पंचावन्न आणा, रुंद कान वर ठेवून बसवा, टोपी गच्च लावा. मग गाडी सोसायटीच्या मागच्या भिंतीसमोर उभी करा, खडू घ्या आणि रेघ पाहा. वॉचमनला बोलवा बरोबर. तुमचा दिवा गेल्याचं पहिल्यांदा त्यालाच दिसलं होतं.